आधी ओटा, मग गॅसची शेगडी

आमच्या सासूबाईंच्या दोन्ही पायांवर घोट्यापासून वीतभर वरपर्यंत भाजल्याचे पांढुरके डाग आहेत. गुडघ्याच्या वर एकही डाग नाही. हात, तोंड, केस यांना धक्काही लागला नाही. गॅसने भाजले असे सांगितले की ऐकणाऱ्याला खरे वाटत नाही. "गॅसनं भाजलं तर हात भाजायचे, तोंड भाजायचं. पाय कसं काय भाजलं?" असे जो तो विचारतो. गॅसची शेगडी घरात कुठे आणि कशी मांडावी, याचे निम्मे शास्त्र या एका प्रश्नाच्या उत्तरात आहे. म्हणून घरची गोष्ट चारचौघींना सांगते आहे.

आम्ही मळ्यात राहतो. गाव दीड किलोमीटरवर. २०१७ साली आमच्या वस्तीवर गॅस आला. आदल्या वर्षी, १ मे २०१६ ला, उत्तर प्रदेशातल्या बलियाहून उज्ज्वला योजना सुरू झाली होती आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर बायकांच्या नावाने कनेक्शने येऊ लागली होती. आमचे कनेक्शन साधेच, पैसे भरून घेतलेले. जोडायला आलेल्या माणसाने पहिला प्रश्न केला, "ओटा कुठं आहे?" ओटा नव्हता. "ऊस गेला की करू," असे ह्यांनी सांगितले. त्याने मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर शेगडी ठेवली, सिलिंडर खाली ठेवला, जोडून दाखवले आणि "ओटा तेवढा करून घ्या," असे दोनदा बजावून तो गेला.

सासूबाईंचा सगळा जन्म बैठ्या स्वयंपाकात गेलेला. उभ्याने फोडणी द्यायची म्हणजे त्यांना परक्याच्या घरी आल्यासारखे वाटे. आठ दिवसांत टेबल मुलांकडे परत गेले आणि शेगडी जमिनीवर, एका पाटावर आली. सिलिंडरही तिच्या शेजारी. नळी आखूड पडू लागली म्हणून आठवडे बाजारातून चार हात साधी हिरवी नळी आणली. चूल त्याच खोलीत, पाच-सहा फुटांवर होतीच. भाकरी चुलीवर, चहा-दूध गॅसवर, अशी वाटणी झाली. दीड वर्ष काही झाले नाही. काही होत नाही म्हणूनच माणूस निर्धास्त होतो.

२०१८ च्या डिसेंबरातली गोष्ट. गव्हाला पाणी होते आणि वीज रात्रपाळीची. पहाटे चारला मी उठले, ह्यांना व दिरांना गॅसवर चहा करून दिला, शेगडीचे बटण बंद केले आणि गोठ्यात गेले. सिलिंडरवरचा रेग्युलेटर बंद केला नाही. ती चूक माझी. आणि नळीला मागच्या बाजूने उंदराने दात लावला आहे, हे कुणालाच ठाऊक नव्हते. थंडी होती, म्हणून दार-खिडकी घट्ट लावलेली.

साडेपाचच्या सुमारास सासूबाई उठून स्वयंपाकघरात आल्या. वास आला. "मेला उंदीर कुजलाय वाटतं कुठंतरी," असे त्या धाकट्या जाऊबाईंना म्हणाल्याही. मग भिंतीतल्या देवळीतला दिवा त्यांनी उभ्यानेच काडी ओढून लावला. काही झाले नाही. दिवा लागला, हात जोडले, आणि रोजच्या सवयीने त्यांनी ती जळती काडी खाली चुलीकडे टाकली. भप्पकन आवाज झाला आणि सबंध जमिनीवरून निळी-पिवळी ज्योत धावली. क्षणभरच. तेवढ्यात पाय भाजले, लुगड्याचा घोळ पेटला. जाऊबाईंनी दारातली घोंगडी त्यांच्या पायांवर टाकली, त्यांना अंगणात ओढले आणि रांजणातले पाणी ओतायला सुरुवात केली. म्हणून एवढ्यावर निभावले.

छातीच्या उंचीवर काडी ओढली तेव्हा काही झाले नाही आणि तीच काडी जमिनीवर पडली तेव्हा भडका उडाला. असे का?

गॅस पाण्याच्या वाटेने जातो

चुलीचा धूर वर जातो हे आपण रोज पाहतो. म्हणून गॅसही वरच जात असेल, आढ्याच्या कौलांतून निघून जात असेल, असे आपण धरून चालतो. ते खोटे आहे. सिलिंडरमधला गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन या दोन वायूंचे मिश्रण. तो हवेच्या दीडपट ते दुप्पट जड असतो. गळती झाली की तो खाली बसतो आणि पाटाच्या पाण्यासारखा उताराच्या दिशेने पसरत जातो. मोरी असली तर मोरीत उतरतो, खड्डा असला तर खड्ड्यात साचतो. शेतकऱ्याच्या घरात ही गोष्ट समजायला अवघड नाही. वाफ्याला बांध असतो म्हणून पाणी उभे राहते. आपल्या जुन्या खोल्यांना वीतभर उंच उंबरठा असतो, तो या गॅसला बांधच होतो. दार उघडे असले तरी उंबरठ्याच्या आत गॅस तुंबून राहू शकतो. आमच्याकडे दारही बंद होते.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. सिलिंडरमध्ये गॅस दाबाखाली द्रवरूपात असतो. हलवला की आत पाणी डचमळल्यासारखे वाटते ते त्यामुळेच. हा द्रव एक लिटर बाहेर आला की त्याचा सुमारे अडीचशे लिटर वायू होतो. आणि हवेच्या शंभर भागांत साधारण दोन भाग गॅस मिसळला की ते मिश्रण पेट घेण्याजोगे होते. हिशेब केला तर असा निघतो की दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि आठ फूट उंच खोलीतली सगळी हवा पेटती करायला किलोभर गॅस जवळजवळ पुरतो. आपल्या घरच्या सिलिंडरात तो १४.२ किलो असतो. शिवाय गळलेला गॅस सगळ्या खोलीत सारखा पसरत नाही, खाली दाट साचतो. त्यामुळे किलोभराचीही गरज नाही. आमच्याकडे दीड तासात फार तर दोन-तीन मुठी साखरेच्या वजनाइतका गॅस गळला असेल.

आता आपल्या स्वयंपाकघराकडे पाहा. शहरात विस्तव ओट्यावर असतो. आपल्याकडे तो जमिनीवर असतो. चूल जमिनीवर, चुलीतली राखेखालची धग जमिनीवर, पाटावरची समई जमिनीवर, थंडीत शेकोटीचे घमेले जमिनीवर. गॅस जिथे जाऊन बसतो तिथेच आपला विस्तव बसलेला असतो. खेड्यातल्या घरात गॅसचा खरा धोका हा आहे.

ओटा आणि सासूबाईंचे स्टूल

त्या दिवसानंतर ऊस जायची वाट न पाहता ओटा झाला. विटांचे दोन पाय आणि वर कडप्पा. उंची अडीच फूट. ही उंची सोयीसाठी नाही. १४.२ किलोचा सिलिंडर रेग्युलेटरसकट दोन फुटांच्या थोडा वर जातो, आणि शेगडी सिलिंडरच्या माथ्यापेक्षा निदान सहा इंच उंच हवी, असा नियम आहे. सिलिंडर नेहमी खाली, सपाट जमिनीवर, उभा. रेग्युलेटरच्या जोडापाशी गळती झालीच तर गॅस खाली जाईल, पेटलेल्या बर्नरकडे वर येणार नाही. शेगडी जमिनीवर ठेवली की हा सगळा हिशेब उलटा होतो. कडप्प्याला पैसे नसतील तर भक्कम लाकडी टेबलावर पत्रा ठोकूनही चालते, पण शेगडी वर आणि टाकी खाली यात तडजोड नाही.

ओट्याखालचा कप्पा आम्ही उघडा ठेवला. पुष्कळजणी सिलिंडर दिसू नये म्हणून तिथे फळ्यांचे दार लावतात. दार हवेच असेल तर त्याला खाली आणि वर भोके पाडावीत. बाहेरच्या भिंतीत जमिनीलगत वीतभर उंचीचा झरोका काढून घेतला. आमचा गवंडी हसला. "झरोका वर काढत्यात वैनी, खाली कुत्री-मांजरं येतील," म्हणाला. त्याला पायांचे डाग दाखवले, मग त्याने निमूटपणे झरोका काढला आणि बारीक तारेची जाळीही बसवली. वरचा झरोका वाफेसाठी आणि धुरासाठी, खालचा गॅससाठी. दोन्ही हवेत.

शेगडी खिडकीच्या समोर मांडू नये. वाऱ्याने ज्योत विझते आणि गॅस सुटत राहतो. शेगडीच्या वर मिठामिरच्यांच्या डब्यांची फळी ठोकण्याची हौस दांडगी असते, तीही आवरावी. डबा काढायला हात लांबवला की पदर थेट ज्योतीवर येतो.

सासूबाईंचा प्रश्न राहिला होता. उभ्याने स्वयंपाक त्यांना जमेना आणि गुडघेही दुखत. शेवटी सुताराकडून उंच स्टूल करून घेतले, पाय टेकायला खाली आडवी पट्टी लावून. आता त्या गल्ल्यावरच्या वाण्यासारख्या ओट्यापाशी बसतात आणि सगळ्या घराला हुकूम सोडतात. घरात म्हातारे माणूस असेल तर ओट्याच्या खर्चात स्टुलाचा खर्च आधीच धरावा. नाहीतर शेगडी पुन्हा खाली येणार, हे मी अनुभवाने सांगते.

चुलीचे काय करायचे?

चूल बंद करा असे सांगणारे पुष्कळ भेटतात. धुराने डोळे आणि छाती जाते हे खरेच आहे, आणि बायका-मुलांनाच ते सर्वात जास्त सोसावे लागते. पण पऱ्हाट्या, तुराट्या, चिपाडे घरची असतात आणि टाकी विकत घ्यावी लागते. महिनाअखेरीला कोणते जळण परवडते हे ज्या त्या घराला ठाऊक. चुलीवरच्या भाकरीची गोडी वेगळी, हेही काही खोटे नाही. त्यामुळे चूल राहणार असे धरूनच बोलू.

चूल राहावी, पण गॅसच्या खोलीत नको. आम्ही ती मागच्या पडवीत नेली. पडवीला एका बाजूने भिंत नाही, त्यामुळे धूरही कमी कोंडतो. ज्यांच्याकडे एकच खोली आहे त्यांनी चूल एका टोकाला आणि सिलिंडर दुसऱ्या टोकाला, दाराजवळ ठेवावा. चूल पेटती असताना गॅस लावू नये, आणि चुलीत धग असेपर्यंत रेग्युलेटर बंदच ठेवावा. हे गैरसोयीचे आहे याची मला कल्पना आहे. एका खोलीत दोन्ही नांदवायचे तर दुसरा मार्ग नाही. न्हाणीतला पाण्याचा बंब स्वयंपाकघराला लागून असेल तर त्यालाही हाच नियम.

तसेच पंपाचे डिझेल, फवारणीची औषधे, रॉकेलचा जुना डबा, खताची पोती या वस्तू पावसाळ्यात हमखास स्वयंपाकघरात येऊन बसतात. त्यांची जागा तिथे नाही. फ्रीजही शक्यतो दुसऱ्या खोलीत ठेवावा. तो आपोआप चालू-बंद होतो आणि त्या वेळी आत ठिणगी पडू शकते.

नळी, उंदीर आणि बाजारचा माल

धान्य असलेल्या घरात उंदीर असणारच. साध्या रबरी नळीचा त्यांना काय लळा असतो कोण जाणे. म्हणून नळी घ्यायची ती आयएसआय खुणेची, आतून पोलादी तारांचे विणकाम असलेली जाड नारिंगी नळी. ती एजन्सीत मिळते. तिच्यावर मुदत छापलेली असते आणि पाच वर्षांनी ती बदलायची असते. मुदत संपली नसली तरी चीर, भेग किंवा दाताचा व्रण दिसला की त्याच दिवशी बदलावी. नळीची लांबी दीड मीटरपर्यंत पुरे. जोड देऊन ती वाढवू नये, शेगडीच्या मागून गरम जागेतून नेऊ नये आणि तिच्यावर शोभेचे कापडी आवरण घालू नये. आवरणाखालची चीर दिसत नाही. आमची नळी आणि बाजारातली हिरवी नळी यांतला फरक साठ-सत्तर रुपये नव्हे, सासूबाईंचे दोन पाय होता.

बाजारचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. ऊसतोडीला किंवा रानातल्या खोपीवर नेण्यासाठी छोट्या टाक्या बाजारात मिळतात आणि कोणीतरी मोठ्या सिलिंडरमधून त्यात गॅस भरून देतो. त्या टाकीची झडप कोणी तपासलेली नसते, आत किती भरला याचे माप नसते आणि भरताना होणारी गळती वेगळीच. गॅस कंपन्यांची स्वतःची पाच किलोची टाकी मिळते, ती घ्यावी.

टाकी दारात आली की

टाकी आणणाऱ्याला चहा जरूर द्यावा, पण आधी चार गोष्टी त्याच्यासमोर बघून घ्याव्यात. तोंडावरचे सील शाबूत आहे का, हे पहिले. मग वजन. रिकाम्या टाकीचे वजन तिच्यावरच कोरलेले असते, त्यात १४.२ मिळवून जे येईल ते भरायला हवे. त्याच्याकडे तानकाटा असतो, नसला तर आपल्या घरी धान्याचा काटा आहेच. तिसरे म्हणजे टाकीच्या कड्याच्या आतल्या पट्टीवर ए, बी, सी किंवा डी यांपैकी एक अक्षर आणि पुढे दोन आकडे रंगवलेले असतात. ती टाकीच्या पुढच्या चाचणीची मुदत असते. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर आणि डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. समजा 'बी' आणि पुढे २८ असेल, तर २०२८ च्या जूनपर्यंत ती चालेल. मुदत उलटलेली टाकी परत करावी. चौथे, टोपण काढून झडपेच्या तोंडात आतले काळे रबरी वॉशर आहे की नाही ते बघावे. बहुतेक गळत्या तिथल्याच असतात.

टाकी बदलताना घरातला सगळा विस्तव आधी विझवावा. चूल, समई, उदबत्ती, बाबांची विडीसुद्धा. दारे-खिडक्या उघडाव्यात. शेगडीची बटणे आणि रेग्युलेटर बंद करून मग तो उचलावा आणि रिकाम्या टाकीवर लगेच टोपण बसवावे. रिकामी म्हणतो तिच्यातही थोडा गॅस असतोच. नव्या टाकीवर रेग्युलेटर सरळ दाबून बसवावा, तिरपा नको. खट्ट असा आवाज आला की बसला. मग त्याचे बटण उघडून जोडावर आणि नळीच्या दोन्ही टोकांवर साबणाच्या पाण्याचा फेस लावावा. बुडबुडे वाढू लागले तर गळती आहे. काडी पेटवून गळती शोधणारे शूर पुरुष अजून गावोगाव आहेत. त्यांना स्वयंपाकघरात घेऊ नये.

गॅस संपत आला की टाकी आडवी करायची, हलवायची, थंडीत गरम पाण्याच्या घमेल्यात ठेवायची, असे उद्योग बरेचजण करतात. टाकी आडवी केली की वायूऐवजी द्रवच नळीत येतो आणि ज्योत एकदम भडकते. दोन दिवसांच्या चहापायी हे करू नये.

दूध उतू गेले तर

चुलीवर दूध उतू गेले तर जाळ चुरचुरतो, वास सुटतो, सासू ओरडते, आणि फार तर अर्धा शेर दूध जाते. गॅसवर तसे नाही. उतू गेलेले दूध बर्नरची ज्योत विझवते, पण गॅस सुटतच राहतो, आणि दुधाच्या करपट वासात गॅसचा वास लपतो. म्हणून दूध गॅसवर ठेवून अंगणात जायचे नाही. जायचेच असेल तर बंद करून जावे. पुन्हा पेटवायला पैसे पडत नाहीत.

पेटवताना काडी किंवा लायटर आधी तयार, मग बटण. पहिल्या झटक्यात पेटला नाही तर बटण बंद करावे, दोन मिनिटे थांबावे आणि मग पुन्हा प्रयत्न करावा. ज्योत निळी हवी. पिवळी झाली आणि भांड्याची बुडे काळी होऊ लागली तर बर्नरची भोके खरकट्याने बुजली आहेत असे समजावे. बर्नर काढून गरम पाण्याने आणि जुन्या दातघासणीने घासून, पूर्ण वाळवून लावावा. अर्धवट जळणाऱ्या गॅसमधून विषारी वायू निघतो आणि त्याला वास नसतो. थंडीत उबेसाठी खोली बंद करून शेगडी पेटती ठेवून झोपणे हा तर जिवाशी खेळ आहे.

पदर खोचलेला असावा, भांडे सांडशीने उतरवावे, नायलॉनचे लुगडे ओट्यापाशी नको. हे सगळे आईने सांगितलेलेच आहे. त्यात माझी भर एवढीच की रात्री निजण्यापूर्वी आणि प्रत्येक वेळी काम संपल्यावर रेग्युलेटर बंद करावा. शेगडीचे बटण बंद केले की आमच्या घरी आता मुलेसुद्धा विचारतात, "आणि खालचं?"

वास आला तर

गॅसला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतो. गळती नाकाला कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. कुणाला तो कुजक्या कांद्यासारखा वाटतो, कुणाला सडक्या कोबीसारखा. आमच्या सासूबाईंना तो मेलेल्या उंदराचा वाटला, कारण गॅसचा वास कसा असतो हे त्यांना कुणी दाखवलेच नव्हते. टाकी बदलताना क्षणभर जो वास येतो तो घरातल्या प्रत्येकाला, म्हाताऱ्यांना आणि पोरांनाही, मुद्दाम ओळखून ठेवायला लावावा. पडसे झालेल्या किंवा तपकीर ओढणाऱ्या माणसाच्या नाकावर मात्र विसंबू नये.

वास आला की विजेचे बटण लावू नये आणि लागलेले असेल तर बंदही करू नये. दोन्ही वेळा ठिणगी पडते. पंखा नको, काडी नको, मोबाईल नको. रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, सगळ्यांना बाहेर काढावे. विजेची मुख्य कळ घराबाहेर असेल तर ती बाहेरून बंद करावी. वास थोडा असेल तर रेग्युलेटर काढून, टोपण लावून टाकी अंगणात मोकळ्या जागी न्यावी. खोलीभर दाटला असेल किंवा चूल पेटती असेल तर आत झटापट करत बसू नये, माणसे बाहेर काढावीत आणि लांबून फोन करावा. गॅस गळतीसाठी १९०६ हा क्रमांक देशभर एकच आहे आणि तो दिवसरात्र चालतो.

कपड्याने पेट घेतला तर पळू नये, जमिनीवर लोळावे, वरून घोंगडी किंवा सुती गोधडी टाकावी. भाजलेल्या जागेवर साधे गार पाणी वीस मिनिटे ओतत राहावे. त्या दिवशी शेजारून एक जण हळद आणि एक जण दात घासायची पेस्ट घेऊन धावत आली होती. त्यांच्या मायेबद्दल शंका नाही, पण जाऊबाईंनी दोघींना हटवले आणि पाणी थांबवले नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिली शाबासकी तिलाच दिली. तरी तीन आठवडे सासूबाईंना जमिनीला पाय लावता आला नाही.

एक व्यवहाराची गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. गॅस कंपन्यांनी ग्राहकांसाठी अपघाताचा विमा उतरवलेला असतो. त्याचा वेगळा हप्ता आपण भरत नाही. पण घराच्या नुकसानीसाठी तो नोंदवलेल्या पत्त्यावरच लागू होतो, साहित्य मान्यताप्राप्त लागते आणि अपघात झाल्यावर वितरकाला लगेच लेखी कळवावे लागते. गावातल्या पत्त्यावरची टाकी मळ्यातल्या घरी वापरत असाल तर एजन्सीत जाऊन पत्ता बदलून घ्या. आमचा पत्ता गावातल्या जुन्या घराचा होता आणि नळी बाजारातली होती. त्यामुळे आम्ही कुठे कळवायलाही गेलो नाही.

आता आमच्या स्वयंपाकघराच्या दाराबाहेर, आतून नव्हे, भिंतीवर धाकट्या लेकीने गेरूने मोठ्या अक्षरांत १९०६ लिहून ठेवले आहे. सासूबाईंना वाचता येत नाही. त्यांनी ते चार आकडे तिच्याकडून पाठ करून घेतले आहेत.